विभागीय माजी विद्यार्थी गटाचे स्नेहभोजन: आखणीपासून हिशेबापर्यंत

एका वर्गाचे किंवा एका बॅचचे स्नेहसंमेलन भरवणे तुलनेने सोपे असते, कारण तिथे येणारा प्रत्येक जण बाकीच्यांपैकी निदान निम्म्यांना नावाने ओळखत असतो. विद्यापीठाच्या विभागीय गटाचे तसे नसते. शिक्षण संपवून एखाद्या प्रदेशात येऊन स्थिरावलेले, वेगवेगळ्या विद्याशाखांचे आणि कधीकधी चाळीस-चाळीस वर्षांच्या अंतराने बाहेर पडलेले लोक केवळ पदवीच्या कागदावरील एका नावामुळे एकत्र येतात आणि सभागृहाच्या दारातून आत शिरताना त्यांतील बहुतेकांना ओळखीचा एकही चेहरा दिसत नाही. अशा मेळाव्यात जेवण बेताचे झाले तरी लोक विसरतात. पण तीन तास अनोळखी माणसांत अवघडून बसावे लागले तर पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. म्हणून जागा, जेवण, शुल्क, कार्यक्रम यांविषयीचा प्रत्येक निर्णय घेताना एकच प्रश्न विचारावा: यामुळे अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलणे सोपे जाईल की अवघड? पुढील सारे टप्पे हा प्रश्न समोर ठेवून लिहिले आहेत.

समिती आणि उद्देश

शंभर-दीडशे जणांच्या स्नेहभोजनासाठी पाच ते सात जणांची समिती पुरते. त्यापेक्षा मोठ्या समितीत बैठकाच अधिक होतात. निमंत्रक, खजिनदार, नावनोंदणी सांभाळणारा, जागा व भोजन पाहणारा, कार्यक्रम आखणारा आणि संपर्काची जबाबदारी घेणारा अशी कामे स्पष्ट वाटून द्यावीत आणि प्रत्येक कामाला एकच नाव जोडावे. दोघांवर मिळून सोपवलेले काम बहुधा कोणीच करत नाही. समितीतील सगळे एकाच कालखंडातील आणि विद्यापीठाच्या एकाच शैक्षणिक विभागातील असतील तर निमंत्रणेही त्याच वर्तुळात फिरत राहतात. त्यासाठी गेल्या पाच-सात वर्षांत उत्तीर्ण झालेली निदान एक व्यक्ती आणि निवृत्तीच्या वयाची निदान एक व्यक्ती समितीत असावी.

पहिल्याच बैठकीत उद्देश ठरवून एका वाक्यात लिहून ठेवावा. निव्वळ भेटीगाठी, निधिसंकलन, ज्येष्ठांचा सत्कार, गटाची नवी कार्यकारिणी निवडणे हे सगळेच उद्देश योग्य आहेत, पण ते एकाच संध्याकाळी कोंबले तर एकही धड साधत नाही. विशेषतः निधिसंकलनाचा विचार असेल तर तो निमंत्रणातच सांगितलेला बरा. जेवणाचे शुल्क भरून आलेल्या माणसापुढे अचानक देणगीचा अर्ज ठेवला तर त्याला फसवल्यासारखे वाटते, आणि ते गैर नाही.

तारीख

शंभराहून अधिक लोक अपेक्षित असतील तर पाच ते सहा महिने आधी कामाला लागावे. त्यातला बराचसा वेळ लोकांना शोधण्यात आणि त्यांनी आपला दिवस मोकळा ठेवावा यासाठी जातो; स्वयंपाकाला आणि सभागृहाला तेवढा लागत नाही. तारीख ठरवताना सर्वांना ‘तुम्हाला कधी जमेल?’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला जितकी माणसे तितकी उत्तरे येतात. समितीने सणवार, परीक्षांचा काळ, मोठ्या सुट्ट्या आणि विद्यापीठाचे स्वतःचे कार्यक्रम टाळून दोन तारखा निवडाव्यात, त्या दोन्ही दिवशी सभागृह मिळते का ते पाहावे आणि मगच त्या दोहोंतून एक निवडायला लोकांना सांगावे. तारीख एकदा जाहीर झाली की कोणाही मान्यवराच्या सोयीसाठी ती बदलू नये.

अंदाजपत्रक

खर्चाचे दोन भाग पहिल्यापासून वेगळे मांडावेत. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, छपाई, छायाचित्रकार आणि सजावट हा स्थिर खर्च माणसे कितीही आली तरी तेवढाच राहतो, तर जेवण, पेये आणि नावाचे बिल्ले यांचा खर्च माणशी वाढतो. शुल्क ठरवताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे आशावादी संख्येने भागाकार करणे. समजा, स्थिर खर्च ९० ताटांच्या किमतीएवढा आहे. १५० लोक आले तर प्रत्येकाच्या वाट्याला त्यातील ०.६ ताटाचा खर्च येतो आणि शुल्क एका ताटाच्या किमतीच्या १.६ पट ठेवले की हिशेब बरोबर जुळतो. परंतु प्रत्यक्षात १०० जणच आले तर जमा होतात १६० ताटांचे पैसे आणि खर्च होतो १९० ताटांचा. त्यातच केटररला १५० ताटांची हमी दिलेली असेल तर खर्च २४० ताटांचा होतो आणि तूट थेट ८० ताटांवर जाते. ही तूट शेवटी समितीतील दोघा-तिघांच्या खिशातून भरली जाते आणि पुढच्या वर्षी समितीत यायला कोणी तयार होत नाही.

म्हणून नक्की येतील अशी खात्री असलेल्या किमान संख्येवर शुल्क ठरवावे, वर साधारण दहा टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी धरावी आणि शिल्लक राहिली तर तिचे काय करायचे हे आधीच लिहून ठेवावे. नुकतेच उत्तीर्ण झालेल्यांना सवलतीचे शुल्क ठेवणे योग्य ठरते, कारण ज्येष्ठांना तरुण भेटावेत असे वाटत असेल तर तरुणांना ते परवडायलाही हवे. ही सवलत प्रायोजकाच्या रकमेतून किंवा स्वेच्छेने जादा शुल्क भरणाऱ्यांकडून भरून काढता येते. समितीच्या सदस्यांनी मात्र पूर्ण शुल्क भरावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे श्रम मोठे असतात हे खरे, पण फुकट पासांची यादी एकदा सुरू झाली की ती थांबत नाही.

पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात घेऊ नयेत. गटाची नोंदणी झालेली असेल तर गटाच्या नावाचे खाते वापरावे. तसे नसेल तर निदान दोघांच्या संयुक्त सहीचे वेगळे खाते ठेवावे आणि प्रत्येक भरण्याची पावती द्यावी.

जागेची निवड

गोल टेबलांभोवती बसून जेवण्याच्या मांडणीला माणशी सुमारे १२ ते १५ चौरस फूट जागा लागते. १२० जणांसाठी हा आकडा १,४४० ते १,८०० चौरस फुटांपर्यंत जातो आणि त्यात मंच, नोंदणीचे टेबल, जेवणाची मांडणी आणि सुरुवातीला उभ्याने गप्पा मारण्याची जागा धरलेली नसते. सभागृहाचा व्यवस्थापक जी आसनसंख्या सांगतो ती अनेकदा खुर्च्यांच्या रांगा लावून बसण्याची असते, टेबलांभोवतीची नसते. तेव्हा ‘गोल टेबले लावल्यावर किती?’ असे नेमके विचारावे आणि शक्य असल्यास आधीच्या एखाद्या कार्यक्रमात तशी मांडणी प्रत्यक्ष पाहावी. उलट, फार मोठे सभागृहही घेऊ नये. चारशे जणांच्या दालनात शंभर माणसे विखुरली की कार्यक्रम फसल्यासारखा दिसतो.

जागा पाहायला जाताना दोघांनी जावे आणि दालनाच्या मध्यभागी उभे राहून बोलून पाहावे. उंच छत, काचेच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी असलेल्या दालनात आवाज घुमतो. शंभर जण एकदम बोलू लागले की प्रत्येक जण आवाज चढवतो आणि गोंगाट वाढतच जातो. हाताच्या अंतरावरील माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या घरात गेलेला असतो आणि ज्यांना थोडे कमी ऐकू येते ते ज्येष्ठ अशा गोंगाटात गप्पच बसतात. गालिचा, जाड पडदे, टेबलांवर कापड आणि छताला आवाज शोषणारे आच्छादन असलेले साधे दालन दिमाखदार संगमरवरी दालनापेक्षा आपल्या कामासाठी चांगले.

वृद्ध आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारी माणसे गृहीत धरूनच पाहणी करावी. उतरंड म्हणजे रॅम्प असेल तर त्याचा चढ १:१२ पेक्षा अधिक नसावा, म्हणजे एक फूट उंची चढण्यासाठी निदान बारा फूट लांबी हवी. लिफ्ट आहे का, ती संध्याकाळी चालू असते का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, वाहन दारापर्यंत येते का, हे प्रश्न आधी विचारले की ऐनवेळी कोणालाही उचलून न्यावे लागत नाही.

करारात काय पाहावे

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सगळे लेखी असावे. किमान ताटांची हमी किती आणि अंतिम संख्या कधीपर्यंत कळवायची, दरात कर आणि सेवाशुल्क धरले आहे की वेगळे, ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक थांबल्यास दर तासाला किती, बाहेरचा केटरर किंवा ध्वनिव्यवस्था चालते का, वीज गेल्यास पर्यायी सोय आहे का, ध्वनिवर्धक किती वाजेपर्यंत लावता येतो आणि कार्यक्रम रद्द झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम परत मिळते, एवढ्या बाबी कागदावर आल्याशिवाय सही करू नये. यांतील सर्वांत महागात पडणारी बाब म्हणजे किमान हमी. ती आपल्या अंदाजाच्या सत्तर ते पंचाहत्तर टक्क्यांवर ठेवण्याचा आग्रह धरावा. संख्या वाढवून देणे केटररला सहसा जड जात नाही, कमी करून घेणे मात्र त्याला नको असते.

लोकांना शोधणे आणि निमंत्रण

विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कार्यालयाकडे संपर्कयादी मागितली तर ती मिळेलच असे नाही आणि न मिळणे एका अर्थाने योग्यही आहे, कारण तो लोकांचा खाजगी तपशील असतो. त्याऐवजी ‘आमचे निमंत्रण या प्रदेशात राहणाऱ्यांना तुमच्या वतीने पाठवा’ अशी विनंती करावी. ती मान्य होण्याची शक्यता अधिक. बाकीचे काम साखळीने होते. प्रत्येक दशकासाठी आणि शक्य असल्यास प्रत्येक मोठ्या विभागासाठी एक दुवा नेमावा आणि त्याने आपल्या ओळखीच्या पाच-सात जणांना स्वतः फोन करावा. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकलेले निमंत्रण शेकडो जण वाचतात, अंगठा दाखवतात आणि विसरतात. जुन्या सहाध्यायाने केलेला फोन मात्र माणसाला ‘आणखी कोण कोण येतंय?’ असे विचारायला लावतो आणि तिथेच निम्मे काम होते. त्यासाठी नोंदणी केलेल्यांची नावे, त्यांच्या संमतीने, दर आठवड्याला जाहीर करत राहावे. लोक मेन्यू वाचून येत नाहीत, ही नावांची यादी वाचून येतात.

निमंत्रणात तारीख, वेळ, ठिकाण, शुल्क, त्यात काय समाविष्ट आहे, जोडीदार किंवा मुले आणता येतील का, पोशाखाची काही अपेक्षा आहे का, नोंदणीची शेवटची तारीख आणि पैसे परत मिळण्याची मुदत एवढे असावे. जेवणाची वेळ वेगळी लिहावी, नाहीतर बरेच जण थेट जेवायलाच येतात आणि गप्पांचा पहिला, सर्वांत उपयोगाचा तास वाया जातो.

नोंदणीचा अर्ज

अर्जातले सात-आठ प्रश्न नीट निवडले तर पुढची बैठकव्यवस्था, बिल्ले आणि जेवण या सगळ्यांची तयारी त्यातूनच होते. सध्याचे नाव, विद्यार्थिदशेतील नाव, विभाग, वसतिगृहात राहत असल्यास त्याचे नाव, सोबत कोण येणार, आहाराविषयीच्या गरजा आणि ‘कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत विद्यापीठात होता’ हे विचारावे. शेवटचा प्रश्न नेमका असाच असावा. केवळ उत्तीर्ण होण्याचे वर्ष विचारले तर १९८८ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेला आणि १९९३ मध्ये संशोधन संपवून बाहेर पडलेला हे दोघे कागदावर लांबचे दिसतात. प्रत्यक्षात ते तीन वर्षे एकाच ग्रंथालयात बसलेले असू शकतात. छायाचित्रे जाहीर करण्यास आणि संपर्कक्रमांक इतर उपस्थितांना देण्यास संमती आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

शुल्क भरल्यावरच नोंदणी पक्की धरावी. ‘येतो’ म्हणणे आणि पैसे भरणे यांत बरेच अंतर असते. पैसे भरलेल्यांतूनही काही जण ऐनवेळी गळतात, पण तोंडी होकार दिलेल्यांच्या तुलनेत फारच कमी.

भोजन

बसलेल्या जागी वाढण्याची पद्धत आणि बुफे यांत निवड करताना खर्चाइतकाच वेळेचाही हिशेब करावा. बुफेच्या एका रांगेतून मिनिटाला चार जण पुढे सरकतात असे धरले तर १२० जणांना ३० मिनिटे लागतात, म्हणजे शेवटच्या टेबलावरचे लोक वाढून घेत असताना पहिल्या टेबलावरच्यांचे जेवण संपत आलेले असते. तीच मांडणी भिंतीपासून दूर, दोन्ही बाजूंनी घेता येईल अशी केली तर हा वेळ निम्मा होतो. सर्वसाधारणपणे दर शंभर जणांमागे अशी एक दुहेरी मांडणी लागते आणि पेये व गोड पदार्थ तिथून दूर, वेगळ्या कोपऱ्यात ठेवले की रांग अडत नाही. बसल्या जागी वाढण्याने संभाषण तुटत नाही, पण वाढपी पुरेसे हवेत आणि खर्चही वाढतो. माझा कल मधल्या मार्गाकडे आहे: सुरुवातीचे पदार्थ फिरवून द्यावेत, मुख्य जेवण बुफे ठेवावे आणि एकेका गटाची टेबले क्रमाने बोलवावीत.

आहाराच्या गरजा केटररला मोघम सांगू नयेत. किती जण शाकाहारी, किती जणांना दूध, गहू, शेंगदाणे, अंडी किंवा मासे चालत नाहीत, हे आकड्यांसह लेखी द्यावे आणि प्रत्येक पदार्थासमोर त्यातील अशा घटकांची पाटी असावी. गरम पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली राहतील याची खात्री केटररकडून करून घ्यावी. या दोहोंमधील तापमानात दोन तासांहून अधिक काळ राहिलेले अन्न उरले तरी घरी न्यायला देऊ नये. अंतिम संख्या साधारण तीन दिवस आधी द्यावी लागते. ती देताना नोंदणीच्या आकड्यात आपल्या मनाने भर घालू नये, कारण बहुतेक केटरर स्वतःच थोडी जादा तयारी ठेवतात. तशी ते ठेवतात का आणि किती, एवढे मात्र विचारून घ्यावे.

मद्य ठेवायचे की नाही हा समितीचा निर्णय. ठेवायचे असल्यास त्याचा खर्च घेणाऱ्यानेच वेगळा द्यावा आणि घरी परतण्याच्या वाहनांची सोय आधी पाहावी.

बैठकव्यवस्था

बहुतेक समित्या या टप्प्याला शेवटच्या दिवशी हात घालतात, आणि माझ्या मते संध्याकाळ रंगणार की रेंगाळणार हे इथेच ठरते. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाचा घेर साधारण १५.७ फूट असतो. आठ जण बसले तर प्रत्येकाला जेमतेम दोन फूट मिळतात, दहा बसवले तर सुमारे १९ इंच, आणि मग जेवताना कोपर कोपराला लागते. सहा फुटी टेबलाभोवती दहा जण आरामात बसतात, पण समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही आणि संभाषण शेजारच्या दोघांपुरते उरते. अनोळखी लोकांसाठी पाच फुटी टेबल आणि आठ खुर्च्या ही मांडणी उत्तम. दोन टेबलांच्या कडांमध्ये निदान पाच फूट अंतर ठेवावे, म्हणजे दोन्हीकडच्या खुर्च्या मागे सरकल्या तरी मधून जाता येते.

कोणाला कोणत्या टेबलावर बसवायचे हे ठरवताना नोंदणीची यादी विद्यापीठातील वर्षांनुसार लावून घ्यावी आणि प्रत्येक माणसाला त्याच्या टेबलावर निदान दोन जण असे मिळतील हे पाहावे, की ज्यांची वर्षे, विभाग किंवा वसतिगृह त्याच्याशी जुळते. आठही जण एकाच बॅचचे असतील तर ते आपापसांतच रमतात आणि ते त्यांना हवेही असते. मात्र अशा टेबलावर एकट्या आलेल्या परक्या माणसाला बसवणे म्हणजे त्याला शिक्षाच. एकटे येणारे, नव्याने त्या प्रदेशात आलेले आणि माजी विद्यार्थी नसलेले जोडीदार यांची नावे आधी ठेवावीत, बाकीची त्यांच्याभोवती रचावीत. जोडीदारांपैकी निदान दोघे एका टेबलावर आले तर जुन्या प्राध्यापकांच्या गोष्टी ऐकून कंटाळण्याची त्यांच्यावर वेळ येत नाही.

टेबल ठरवून द्यावे, खुर्ची नाही. समितीचे सदस्य आणि विद्यापीठाचे पाहुणे यांचे मंचाजवळ वेगळे टेबल मांडण्याची पद्धत सोडून द्यावी. त्याऐवजी प्रत्येक टेबलाला एक यजमान नेमावा. टेबलावरच्या सात जणांची नावे, वर्षे आणि विभाग लिहिलेला कागद त्याच्याकडे असावा आणि कोण कोणाशी कुठे जुळते हे त्याने पहिल्या पाच मिनिटांत बोलून दाखवावे. ऐनवेळी गळती होऊन एखाद्या टेबलावर चारच जण उरले तर ते टेबल मोडून त्यांना इतरत्र सामावून घ्यावे. गोड पदार्थांच्या वेळी सर्वांना जागा बदलण्याचे मोकळे आमंत्रण दिले की जेवणापूर्वी ज्यांची भेट राहून गेली ते एकमेकांना शोधतात.

नावाचा बिल्ला

बिल्ल्यावर पहिले नाव निदान ३६ पॉइंटमध्ये, म्हणजे पाच-सहा फुटांवरून सहज वाचता येईल असे असावे. त्याखाली आडनाव, विद्यार्थिदशेतील नाव वेगळे असल्यास तेही, आणि मग विभाग व वर्षे. हुद्दा आणि कंपनी लिहू नये. ते वाचून लोक एकमेकांना तोलू लागतात, आणि ‘भौतिकशास्त्र, १९९४ ते १९९९’ एवढ्या ओळीवर जे बोलणे सुरू होते ते ‘उपाध्यक्ष’ वाचून होत नाही. गळ्यात अडकवायचा बिल्ला हटकून उलटा होतो, म्हणून दोन्ही बाजूंना छापावा; दोरी लांब असेल तर बसल्यावर तो टेबलाखाली जातो, तेव्हा दोरीला गाठ मारून ती आखूड करावी. कपड्याला लावायचा असेल तर उजव्या बाजूला लावावा, म्हणजे हस्तांदोलन करताना समोरच्याची नजर आपोआप त्यावर जाते. कोरे बिल्ले आणि जाड पेन जवळ ठेवावे.

मंचावरचा कार्यक्रम

चार तासांच्या संध्याकाळी मंचावरून होणाऱ्या सगळ्या गोष्टी मिळून चाळीस मिनिटांत बसवाव्यात. पहिला तास पूर्ण मोकळा ठेवावा आणि आगमनापासून दीड तासाच्या आत जेवण सुरू व्हावे. स्वागताला पाच मिनिटे आणि विद्यापीठाच्या प्रतिनिधीला आठ ते दहा मिनिटे पुरेशी असतात. त्या पाहुण्यांना ही वेळ निमंत्रणाच्या पत्रातच कळवावी आणि विषयही सुचवावा: आपण पाहिलेल्या परिसरात आज काय बदलले आहे, एवढेच लोकांना ऐकायचे असते. लोक बुफेच्या रांगेत असताना भाषण ठेवू नये.

‘प्रत्येकाने उठून थोडक्यात आपली ओळख करून द्यावी’ ही सूचना कोणीतरी उत्साहाने करतेच. १२० जण आणि प्रत्येकी ४० सेकंद धरले तर ८० मिनिटे लागतात, आणि ४० सेकंदांत थांबणारा माणूस विरळा. त्याऐवजी सूत्रसंचालकाने दशकानुसार लोकांना उभे राहायला सांगावे, मग विभागानुसार, मग वसतिगृहानुसार. पाच-सात मिनिटांत प्रत्येकाला दालनात आपली माणसे कुठे बसली आहेत ते दिसते. जुनी छायाचित्रे पडद्यावर आवाजाविना फिरती ठेवावीत. त्यांभोवती आपोआप घोळका जमतो आणि बोलणे सुरू होते, पण पार्श्वसंगीत मोठे लावले तर तेच बोलणे बंद पडते.

दिवंगत सहाध्यायांचे स्मरण करायचे असल्यास प्रत्येक नाव दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून खात्री करूनच यादीत घ्यावे. हयात माणसाचे नाव वाचले गेले तर ती चूक कोणत्याही दिलगिरीने भरून निघत नाही. सामूहिक छायाचित्र जेवणापूर्वी घ्यावे. नंतर लांब राहणारे निघून गेलेले असतात. पायऱ्या असलेली जागा आधी हेरून ठेवावी आणि छायाचित्रकाराला पंधरा मिनिटे द्यावीत.

त्या दिवशी

समितीने तीन तास आधी पोहोचावे. मिनिटवार वेळापत्रक, सर्वांचे फोन नंबर आणि केटरर, ध्वनिव्यवस्थापक व सभागृह व्यवस्थापक यांची नावे एका कागदावर छापून प्रत्येकाच्या खिशात असावीत. ध्वनिक्षेपकाची चाचणी मंचावर उभ्या असलेल्या माणसाच्या ‘हॅलो, हॅलो’ने होत नाही, कोणीतरी सर्वांत मागच्या टेबलाशी बसून ऐकावे लागते. दोन बिनतारी माइक आणि जादा बॅटऱ्या ठेवाव्यात. बाहेर पडण्याच्या वाटा खुर्च्यांनी अडलेल्या नाहीत ना, हे एकाने फिरून पाहावे; उपस्थितांत डॉक्टर कोण आहेत हे नोंदणीच्या यादीतून आधीच पाहून ठेवावे.

प्रवेशाच्या टेबलावर एका माणसाला एक मिनिट लागतो असे धरले आणि १२० जण अर्ध्या तासात आले तर एका टेबलाने भागत नाही, चार लागतात. यादी आडनावाने न लावता पहिल्या नावाने लावावी, कारण आडनावे बदललेली असतात, काहींनी नोंदणी जुन्या नावाने केलेली असते, आणि नेमका बिल्ला सापडत नाही तेवढ्यात मागे रांग वाढते. पैशांचे प्रश्न सोडवण्यासाठी थोडे बाजूला वेगळे टेबल असावे, म्हणजे थकबाकीची चर्चा चारचौघांत होत नाही. समितीतील दोघांनी कोणतेही काम न घेता दाराच्या आत उभे राहावे आणि एकट्या आलेल्या प्रत्येकाला नेऊन कोणाशी तरी भेट घालून द्यावी. त्यांना दुसरे काही सांगायचे नाही, अशी ताकीद निमंत्रकाने सर्वांना द्यावी.

कार्यक्रमानंतर

वापरलेल्या ताटांची संख्या त्याच रात्री केटररच्या माणसासोबत मोजून दोघांनी सही करावी. दुसऱ्या दिवशी आकडे बदलतात. बिले आठवड्याभरात चुकती करावीत आणि जमाखर्च पंधरा दिवसांत सर्व सहभागींना पाठवावा. त्यात प्रायोजकांची रक्कम, सवलती आणि परत केलेले शुल्क हे सगळे असावे. शिल्लक किंवा तूट जी असेल ती तशीच दाखवावी. छायाचित्रे, संमती दिलेल्यांची संपर्कयादी आणि तीन-चार प्रश्नांचा अभिप्रायाचा अर्ज यांना आठवड्याहून अधिक उशीर करू नये. अभिप्रायात ‘जेवण कसे होते?’ यापेक्षा ‘पूर्वी न भेटलेल्या किती जणांशी बोलणे झाले?’ हा प्रश्न अधिक कामाचा असतो, आणि त्याची उत्तरे टेबलानुसार लावून पाहिली की कोणती मांडणी जमली व कोणती फसली ते दिसते.

करार, अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च, कोरा अर्ज, टेबलांचा नकाशा, वेळापत्रक आणि नोंदणी करूनही न आलेल्यांची संख्या हे सारे एका फायलीत ठेवावे. ही फाईल कोणा एकाच्या वैयक्तिक ईमेलमध्ये न ठेवता गटाच्या नावाने उघडलेल्या खात्यात ठेवावी आणि महिन्याभरात पुढील निमंत्रकाचे नाव ठरवून त्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडे सोपवावा. सहभागींचे आहारविषयक आणि आरोग्यविषयक तपशील मात्र त्यापूर्वी पुसून टाकावेत.